रविवारी ३ तास तयारी केली की आठवडाभराचा वेळ खरंच वाचतो का?

रविवारी दुपारी इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास समोर येतं. चकचकीत ओटा, काचेचे एकसारखे डबे. एका डब्यात चिरलेली फरसबी, दुसऱ्यात गाजर, बर्फाच्या ट्रेमध्ये आलं-लसणाची पेस्ट. शेवटी फ्रीजचं दार उघडतं आणि आत अख्खा आठवडा रांगेत उभा असतो. आज ३ तास द्या आणि सोमवार ते शनिवार सुखाने जगा, असा एकूण सूर.

कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, ऑफिस आणि डबे सांभाळायचे तर हाच मार्ग. दुसरा म्हणतो, आमच्याकडे शिळं चालत नाही.

या प्रकाराला सगळे 'मील प्रेप' म्हणतात. हा शब्द आला अमेरिका-युरोपातल्या जिम करणाऱ्यांकडून आणि नोकरदारांकडून. तिथलं गणित सोपं आहे. भात, भाजलेलं चिकन, उकडलेली ब्रोकोली असे पाच डबे भरायचे आणि रोज एक गरम करून खायचा. आपल्या ताटात मात्र पोळी असते, भाजी असते, आमटी-भात असतो, वर कोशिंबीर. त्यातही पोळी गरम लागते, कोशिंबीर ताजी लागते आणि भाजी काल केलेली असेल तर कुणीतरी नाक मुरडतं. त्यामुळे ते डब्यांचं मॉडेल जसंच्या तसं इथं चालत नाही. मग वेळ वाचतो म्हणजे नेमका कुठला वाचतो, आणि कुणाचा?

आधी गणित करू

डोळ्यांसमोर एक घर आणू. नवरा-बायको दोघं नोकरीला, एक शाळकरी मूल, सकाळी साडेसातच्या आत तीन डबे. सकाळच्या कामांची यादी अशी: भाजी निवडणं, चिरणं, वाटण, कणीक मळणं, कुकर लावणं, फोडणी, पोळ्या लाटणं-भाजणं, डबे भरणं, ओटा आवरणं.

रविवारच्या तयारीने यातली पहिली तीन कामं सकाळच्या यादीतून जातात, फार तर कणकेचं चौथं. बाकी सगळं रोजचं रोजच राहतं. समजा, यातून रोज ३० मिनिटं सुटली. पाच दिवसांची झाली १५० मिनिटं. रविवारी गेले ३ तास, म्हणजे १८० मिनिटं. हिशेबात अर्धा तास तोटाच!

हा हिशेब थोडा खडूस आहे, हे मान्य. एकदम काम केलं की काही गोष्टी खरंच वाचतात. मिक्सरचं भांडं पाचदा धुण्याऐवजी एकदा धुतलं जातं. पाव किलो लसूण सोलायला पाच वेळा दोन-दोन गड्डे सोलण्याइतका वेळ लागत नाही, कारण मांडामांड आणि आवराआवर एकदाच होते. तरीही एकूण बचत रीलमध्ये दिसते तेवढी बहुतेक घरांत निघत नाही.

मग लोक हे का करतात? कारण सगळी मिनिटं सारख्या किमतीची नसतात. सकाळी साडेसहाला, स्कूल बस यायला पाऊण तास असताना, कांदा चिरायची १० मिनिटं वेगळी आणि रविवारी साडेअकराला रेडिओ लावून कांदा चिरायची १० मिनिटं वेगळी. वीज कंपन्या औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा दर लावतात, तसंच काहीसं. वीज तेवढीच लागते, फक्त महागड्या तासातली मागणी स्वस्त तासात सरकवायची. मील प्रेपचा खरा फायदा एवढाच आहे, आणि नोकरदार घरासाठी तो छोटा नाही.

फक्त रविवार 'स्वस्त' कुणासाठी आहे, हे तपासायला हवं.

सरकारी आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये 'टाइम यूज सर्व्हे' केला. लोक दिवसाचे २४ तास कशात घालवतात, याची ही मोजणी. स्वयंपाक, झाडलोट, धुणं-भांडी अशी घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या महिलांचा त्यात रोज सरासरी किती वेळ जातो? २०१९ मध्ये २९९ मिनिटं, २०२४ मध्ये २८९ मिनिटं. पुरुषांचा आकडा २०१९ मध्ये ९७ होता, तो २०२४ मध्ये ८८ वर आला.

म्हणजे पाच वर्षांत महिलांची रोजची १० मिनिटं कमी झाली. याच काळात दहा मिनिटांत घरपोच किराणा आला, तयार पीठ आलं, एअर फ्रायर आले. पुरुषांचा वेळही ९ मिनिटांनी कमीच झाला, त्यामुळे महिलांचा भार पुरुषांनी उचलल्यामुळे हलका झाला असं म्हणायला जागा नाही. आणि हे पुरुषांचे आकडे घरकाम करणाऱ्यांचे आहेत. मुळात निम्म्याहून जास्त पुरुष हे काम करतच नाहीत. २०१९ च्या सर्वेक्षणात स्वयंपाकाच्या कामात हात लावणारे पुरुष शंभरात साधारण सहा होते.

यंत्रं येऊनही घरकाम का संपत नाही, यावर अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की यंत्रांनी कष्ट कमी केले, पण अपेक्षा वाढवल्या. वॉशिंग मशीन आलं तसे कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. मिक्सर आला आणि नाश्त्याला रोज चटणी लागायला लागली. मुलांच्या डब्यात पूर्वी पोळी-भाजी असायची, आता छोट्या सुट्टीचा डबा वेगळा, मोठ्या सुट्टीचा वेगळा. रविवारच्या तयारीतून सकाळची अर्धी घटका मोकळी झाली की तिथे काय येतं, हे ज्या घरात त्याच त्याच व्यक्तीने ओटा सांभाळलाय तिला विचारा. बऱ्याचदा तिथे आराम येत नाही, एक जास्तीचा पदार्थ येतो.

आजी वर्षाचं मील प्रेप करायची

'आमच्याकडे ताजंच लागतं' म्हणणाऱ्यांच्या घरातसुद्धा तयारी करून ठेवायची पद्धत जुनीच आहे. उन्हाळ्यातली वाळवणं हे वर्षभराचं मील प्रेपच होतं. पापड, कुरडया, सांडगे, शेवया. गोडा मसाला, कोल्हापूरकडची कांदा-लसूण चटणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. डब्यात कायम दाण्याचं कूट. ऐनवेळी पाहुणा आला तर कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत.

जुन्या आणि नव्या पद्धतीत एक मोठा फरक आहे, आणि रीलमध्ये तो कुणी सांगत नाही. जुनी तयारी टिकायची कारण त्यातलं पाणी काढून टाकलेलं असायचं. उन्हात वाळवून, भाजून, किंवा भरपूर मीठ आणि तेल घालून. पाणी नसेल तर जिवाणू वाढत नाहीत. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी बरणीत महिनाभर राहते, ओल्या खोबऱ्याची संध्याकाळपर्यंतच आंबते, ती याचमुळे.

नव्या तयारीत पाणी तसंच असतं. चिरलेली भाजी, शिजवलेली डाळ, ग्रेव्ही, सगळं ओलं. इथे सगळी भिस्त फ्रीजच्या थंडाव्यावर. थंडाव्याने जिवाणूंचा वेग मंदावतो, ते मरत नाहीत. घड्याळ हळू चालतं, थांबत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवसच ठेवावं, अशी अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस आहे. रविवारी दुपारी केलेली ग्रेव्ही म्हणजे बुधवार, फार तर गुरुवार. शुक्रवार-शनिवारचं रविवारीच शिजवायचं असेल तर ते फ्रीझरमध्येच जायला हवं. 'आठवड्याचं' मील प्रेप हे प्रत्यक्षात चार दिवसांचं असतं.

काय टिकतं, काय अंगाशी येतं

जागतिक आरोग्य संघटनेचे नियम थोडक्यात असे: शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीज ५ अंश सेल्सियसच्या खाली ठेवा, परत गरम करताना आतपर्यंत ७० अंशांपर्यंत तापू द्या. ५ ते ६० अंश हा जिवाणूंचा आवडता पट्टा. मराठी घरातल्या मे महिन्यातला ओटा बरोब्बर त्यात बसतो.

यात सगळ्यात जास्त फसवतो तो भात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात असू शकतो आणि हे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यातून तयार होणारं एक विष परत गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात करायला हरकत काहीच नाही, फक्त रात्रीचा उरलेला भात पातेल्यात झाकून न ठेवता पसरट भांड्यात काढायचा आणि वाफ गेली की फ्रीजमध्ये टाकायचा.

दुसरी फसवणूक सोललेल्या लसणाची. तेलात बुडवलेल्या लसूण पाकळ्यांची बरणी रीलमध्ये फार देखणी दिसते. पण कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला तर आत हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझम या गंभीर विषबाधेला कारण ठरणारा जिवाणू अशाच जागी वाढतो. आलं-लसणाची पेस्ट करून ट्रेमध्ये गोठवणं हा त्याहून कितीतरी साधा आणि सुरक्षित उपाय.

तिसरी गोष्ट कोथिंबिरीची. ती निवडून वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय जवळपास प्रत्येक घरात आहे. अन्नपदार्थ बांधायला, वाढायला किंवा साठवायला वर्तमानपत्र वापरू नका, असं एफएसएसएआयने २०२३ मध्ये बजावलं होतं, कारण छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरू शकतात. सुती फडकं तेच काम करतं. पालेभाजी निवडून कोरडीच ठेवायची आणि करायच्या वेळी धुवायची, नाहीतर ओलाव्याने सडते. फळभाजीचं उलटं. ती आधी धुवायची, कोरडी करायची आणि मग चिरायची. चिरल्यावर धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं वाहून जातात.

सगळ्या भाज्या चिरून ठेवायच्या फंदात पडण्यात अर्थही नाही. वांगं आणि बटाटा चिरून ठेवले की काळे पडतात. भेंडी जरा ओली राहिली की बुळबुळीत होते. फरसबी, गवार, गाजर, कोबी, फ्लॉवर हे दोन-तीन दिवस नीट राहतात. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळखाऊ काम चिरण्याचं नसतंच, ते निवडण्याचं आणि सोलण्याचं असतं. मेथी निवडणं, गवार मोडणं, मटार सोलणं, लसूण सोलणं, नारळ खोवणं. रविवारचा एकच तास द्यायचा असेल तर तो इथे द्यावा. खोवलेला नारळ आणि सोललेले मटार फ्रीझरमध्ये कितीतरी दिवस राहतात.

कडधान्यांचा फायदा सर्वात मोठा. छोले, राजमा, चवळी एकदम भिजवून, उकडून, एका वेळच्या पुड्या करून गोठवल्या की उसळ वीस मिनिटांत होते. तुरीची डाळ नुसती शिजवून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवली की एक दिवस आमटी, एक दिवस साधं वरण, एक दिवस पालक घालून डाळ. फोडणी रोज ताजी बसते, त्यामुळे घरात वासही ताज्या स्वयंपाकाचाच येतो. कांदा-टोमॅटोची परतलेली ग्रेव्हीही अशीच.

ज्या गावात दोन-चार तास वीज जाते तिथे मात्र हे सगळं जपून. दार न उघडता बंद ठेवलेला फ्रीज साधारण ४ तास थंडावा धरतो. त्यापुढे शिजवलेल्या अन्नाचा भरवसा धरू नये. अशा ठिकाणी भाजणी आणि कुटाचे डबे फ्रीजमधल्या डब्यांपेक्षा जास्त कामाचे.

आणि पोळ्या?

इथे सगळे सल्ले अडकतात. कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवली तर एक दिवस ठीक, मग ती काळपट होते, आंबूस वास आला तर टाकूनच द्यावी. भाकरीचं तर तेही नाही. ज्वारी-बाजरीच्या पिठात ग्लूटेन नसतं, पीठ आयत्या वेळी गरम पाण्यात मळून थापावं लागतं, ठेवलं की चिरतं. यावर सोलापूरने शोधलेलं उत्तर म्हणजे कडक भाकरी. पातळ थापून, पूर्ण वाळवून, आठवडेच्या आठवडे टिकणारी. पुन्हा तेच, पाणी काढून टाकलं. गोव्यात वेगळंच उत्तर आहे. तिथे पोदेर सायकलवरून पाव आणि पोई दारात आणून देतो, भाकरी-पोळीचा रोजचा भार काही प्रमाणात घराबाहेर जातो.

शहरातल्या महाराष्ट्राचं उत्तर म्हणजे पोळीभाजी केंद्र आणि पोळ्यांना येणाऱ्या मावशी. स्वयंपाक घराबाहेर काढण्याची मुंबईची परंपरा तशी जुनी. गिरणगावात खानावळी चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज तीच गरज अॅपवर आली आहे. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत १५ मिनिटांत घरकामाला बाई पाठवणारी 'इन्स्टा मेड्स' सेवा आणली, सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. नावावर आणि दरावर टीका झाली, मग नाव 'इन्स्टा हेल्प' झालं.

घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तासाचा दर आजही बहुतेक ठिकाणी दारातच ठरतो. पाच घरांच्या पोळ्या लाटून जाणाऱ्या मावशींनी स्वतःच्या घरचा स्वयंपाक पहाटे उरकलेला असतो. टाइम यूज सर्व्हेच्या भाषेत त्यांची पाच घरं 'रोजगार' आणि सहावं घर 'बिनपगारी घरकाम'. त्यांच्याकडे रविवारच्या तयारीला रविवार मोकळा असेलच असं नाही.

शिळं कोण खातं?

'आमच्याकडे शिळं चालत नाही' या वाक्याकडे परत येऊ. फोडणीची पोळी, पोळीचा लाडू, फोडणीचा भात, कालच्या आमटीत आजच्या चकोल्या. मराठी स्वयंपाकात उरलेल्याचं काय करायचं याची उत्तम उत्तरं आहेत. शिळं चालत नाही असं नसतंच. अनेक घरांत ते चालतं, फक्त एकाच व्यक्तीला. बाकीच्यांना गरम पोळी वाढून झाल्यावर सकाळची भाजी संपवायला जी बसते, तिला.

२०२१ मध्ये आलेला मल्याळम चित्रपट 'द ग्रेट इंडियन किचन' आणि २०२५ मध्ये आलेला त्याचा हिंदी रिमेक 'मिसेस' यांनी नेमकं याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मल्याळम चित्रपटातल्या सासऱ्यांना भात कुकरमधला नको, चुलीवरचा हवा. चटणी मिक्सरमधली नको. कुकर आणि मिक्सर घरात आहेत, वेळ वाचवायचं साधन आहे. वापरायची मुभा नाही.

त्यामुळे घरात डबे विकत आणण्याआधी एक बोलणं व्हायला हवं: काल शिजवलेली डाळ सगळे खाणार का? आठवड्यातले दोन दिवस पोळीऐवजी भात किंवा पाव चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर काचेच्या डब्यांचा दोन हजारांचा संचही काही वाचवणार नाही.

वेळ खाणारी दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे 'आज भाजी कुठली?' हा प्रश्न. रोज सकाळी फ्रीजसमोर उभं राहून ठरवणं, परवाच कोबी झाला हे लक्षात ठेवणं, डाळ संपत आलीये हे ध्यानात असणं. आठवड्याचे वार आणि त्यापुढे भाजी लिहून कागद फ्रीजवर चिकटवला की यातलं बरंच ओझं उतरतं, तेही एकही कांदा न चिरता. मंगळवारी कडधान्य, बुधवारी पालेभाजी, शुक्रवारी खिचडी, इतकं ढोबळ असलं तरी पुरतं. बाजारातही त्यामुळे कमी फेऱ्या होतात आणि भाजी सडून फेकावी लागत नाही.

चार दिवसांचं घड्याळ लक्षात घेता तयारीचे दोन हप्ते करणं जास्त सोयीचं. रविवारी एक तास, त्यात निवडणं-सोलणं आणि कडधान्यं उकडणं. बुधवारी रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर बसून अर्धा तास, गुरुवार ते शनिवारच्या भाज्यांसाठी. लसूण सोलायला आणि मटार काढायला शाळकरी मूलही बसू शकतं. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची, म्हणजे हे कधीचं आहे यावर वास घेऊन चर्चा होत नाही. आणि बुधवारचा अर्धा तास कुणाचा, हे रविवारीच ठरलेलं बरं. बुधवारी रात्री साडेनऊला विचारलं तर सगळ्यांनाच झोप आलेली असते.